निवडुंगाची चिकित्सा

३ मार्च
हसिंता तेओतित्लानला माहेरी गेली, मागावर ताणा चढवायला. गॅलरीतल्या निवडुंगाच्या चार कुंड्या माझ्या स्वाधीन. दोन खाण्यासाठी. दोनांवर तिने चार महिने रंगाचे किडे पोसलेत. आमच्या लेकीच्या, दोनाहीच्या, लग्नातली लाल शाल त्या किड्यांच्या रंगातच रंगायची आहे. जाताना बजावलं : "पिठासारखे पांढरे ते आपले. कापसासारखे दिसले तर ते रानटी, ते ब्रशने काढायचे. बाकी कशाला हात लावू नका, अहो, ऐकताय ना?" ऐकलं. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय.

५ मार्च, सकाळी ९
भिंग आणलं. खाण्याच्या कुंड्यांवर कापूस, शालीच्या कुंड्यांवर पीठ. आता पीठ म्हणजे बुरशी, हे सामान्यज्ञान. कापूस म्हणजे वैभव. सारांश : हसिंता घाईत उलटं बोलली. प्रवासाला निघालेल्या माणसाला प्रमाण मानू नये.

८ मार्च
शत्रुसंहार संपन्न. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश. बादली लालभडक, हात मनगटापर्यंत लाल. समोरच्या गॅलरीतून फिदेन्सिओ ओरडला, "गुरुजी, टर्की कापलीत की काय? वहिनी आल्या की तुम्हाला कापतील!" अज्ञ मनुष्य. रंग पिठ्यांच्या पोटात निघाला, म्हणजे त्यांनी तो चोरला होता. चोरी सिद्ध.

९ मार्च
कापूसवाल्यांना रिकाम्या झालेल्या कुंड्यांतही वसवलं. उदारता.

१४ मार्च
हसिंताचा फोन. "माझी पोरं कशी आहेत?" म्हटलं, फोफावलीत. सत्यच बोललो.

१९ मार्च
पानं पिवळी. दोन गळाली. नैसर्गिक छाटणी. अंड्यांबरोबर परतून खाल्ली. चव कापसाची.

२४ मार्च
हसिंता आणि दोनाही आल्या. हसिंताने एक कापूसवाला तळहातावर चिरडला. फिकट गुलाबी डाग. मी बुरशीबद्दल बोलू लागलो. ती खुर्चीत बसली आणि डाग बघत राहिली. दोनाही म्हणाली, "बाबा, मग मी लग्नात काय घालू? तुमचं भिंग?" हसली. मग आत जाऊन रडली. विकत आणू म्हटलं. हसिंता म्हणाली, "आपल्या घरात नवरीचा रंग विकत आणत नाहीत."

२ एप्रिल
माझी सगळी प्रजा खरवडून उकळली. शाल उकडलेल्या हॅमच्या रंगाची झाली. दोनाही म्हणते, हीच घालेन. मी म्हटलं, आधुनिक दिसते.

१९ एप्रिल, लग्न
हसिंताने मला मांडवाच्या दारात उभं केलं. "नवरीची शाल अशी का, हे सगळे विचारणार. तुम्हीच सांगा." पहिल्या पाहुण्याला कीटकशास्त्र सांगितलं. दहाव्याला फक्त पीठ आणि कापूस. तिसाव्याला "गैरसमज झाला." साठाव्यापासून कोणी "हे कोणी केलं?" विचारलं, की नुसतं "मी" म्हणतो.