तो मेसेज मी लिहिला नव्हता

विश्रामबाग, सांगली

प्रिय संयोगिता,

अक्षर ओळखलं असशीलच. नऊ वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. निवृत्त झाल्यापासून लोणची घालते आणि ओल्या हळदीच्या लोणच्यासाठी सांगलीत प्रसिद्ध आहे. म्हणजे आमच्या गल्लीपुरती.

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, इथे हळदीचं प्रदर्शन होतं. मीही टेबल मांडलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, फोनमधलं नेट संपलेलं आणि नात ओवीच्या नाचाचा व्हिडिओ आलेला. वायफायच्या यादीत दोन नावं दिसली. एक 'प्रदर्शन', त्याला पासवर्ड. दुसरं 'प्रदर्शन फ्री', त्याला काहीच नाही. आयुष्यभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणारी मी, फुकटचं बघून तिथे शिरले. एक पान उघडलं, त्यानं फोन नंबर मागितला. दिला. मग म्हणालं, आलेला सहा आकडी कोड टाका. तोही टाकला. ओवीचा नाच मस्त दिसला गं! पण अर्ध्या तासात माझ्याच व्हॉट्सॲपनं मला बाहेर काढलं.

भाचा देवदत्त धावत आला. ते वायफाय आयोजकांचं नव्हतंच, कुणीतरी गर्दीत बसून तसंच नाव देऊन सोडलेलं, आणि मी टाकलेला कोड म्हणजे माझ्याच व्हॉट्सॲपची किल्ली होती. त्यानं आधी माझा फोन बंद केला, आणि मग मला असं झापलं की मला आपले डी.एड.चे प्राचार्य आठवले. चोरानं खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळे ते परत मिळायला आठवडा गेला. आता बाहेर असले की मी स्वतःचंच नेट वापरते, वायफाय आपोआप जोडलं जाणं बंद केलंय, खात्याला माझा पिन लावलाय, आणि आलेला कोड प्रत्यक्ष देवदत्तनं मागितला तरी देणार नाही. महिला मंडळात यावर माझी दोन भाषणंसुद्धा झाली. दुसऱ्या भाषणाला बायका लोणच्यासाठी आल्या होत्या, पण ऐकून गेल्या.

चोरानं तेवढ्यात आपल्या डी.एड.च्या ग्रुपमधल्या एकेकाला मेसेज धाडले. मी मोठ्या संकटात आहे, फोन उचलता येत नाही, लगेच मदत कर. नानासोनं संध्याकाळी ग्रुपवर जाहीर केलं की हा मेसेज खोटा आहे, क्षमाच्या हातून इतके ऱ्हस्व-दीर्घ चुकणं शक्य नाही. यावर सगळे आठवडाभर हसत होते. तू तिकडे मेढ्यात, ग्रुपवर असतेस पण कधी बोलत नाहीस, त्यामुळे तुझ्यापर्यंत काय पोचलं याचा मी विचारही केला नव्हता.

खरं तर तुझा विचार करायचं मी टाळतच आले. साताऱ्याच्या शाळेत आपण एकाच टेबलावर वह्या तपासायचो. तुझी आई इथे सांगलीत एकटी आजारी होती, आणि सांगलीची जागा निघाल्यावर तू ती मागणार हे मला माहीत होतं. तरी तुला न सांगता मी बदलीचा अर्ज भरला. यादीत माझं नाव आलं. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त माझ्या वह्या माझ्याकडे सरकवल्यास.

काल गावभागातल्या आमच्या जुन्या घराकडे गेले होते. समोरच्या साळूबाईनं हाक मारली. म्हणाली, "आवं बाई, त्या प्रदर्शनाच्या शनवारी मेढ्याची एक बाई आली हुती. तुमच्या दाराला कुलूप बघून पार घाबरली. मी म्हटलं, त्या बऱ्या हायत, आत्ता सांजच्यालाच प्रदर्शनात लोणचं इकताना बघितल्या. नवा पत्ता देते म्हटलं तर न्हाई म्हणाली. बरी हाय न्हवं, मग झालं, म्हणाली, आन् गेली." चाळीस जणांना मेसेज गेला होता, संयोगिता. काहींनी दुर्लक्ष केलं, काहींनी चूक काढली. मेढ्याहून दोन गाड्या बदलून आलीस ती तू एकटी, आणि दारातून परत गेलीस. तो मेसेज माझा नव्हता, पण 'ये' हे मीच तुला नऊ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. आणि त्याआधी 'चुकले'. ते आज लिहिते. चुकले गं. रविवारी सकाळच्या गाडीनं मी मेढ्याला येतेय. भांडण राहिलंय ते करून घे, जेवायला मात्र घाल.

उशिरा का होईना, पण तुझीच,
क्षमा