गाडी जड लागली

७ नोव्हेंबर, धर्माबाद
ट्रकमध्ये सोयाबीन भरलं, लातूरच्या मिलसाठी. आडतीच्या काट्यावर वजन केलं, चिठ्ठीत पासिंगच्या, म्हणजे परवानगीच्या वजनाच्या आत. पण गाडी खाली दबलेली दिसून राहिली. आडतीच्या मुनीम माधवरावांना म्हणलं, "चाकावरचे कमानपाटे बघा की जरा, सपाट झालेत."
"काट्यापेक्षा तुझ्या डोळ्याला जास्त कळतं का?"
निघालो. बिलोलीकडच्या चढाला दुसरा गिअर. गाडी जडच. बावीस वर्षं चालवून राहिलो, ढुंगणाला कळतं.

८ नोव्हेंबर
नरसीजवळ आरटीओच्या पथकानं धरलं. सरकारमान्य काट्यावर नेलं. तीन टन जास्त.
आडतीची चिठ्ठी दाखवली. मॅडम तरुण, आवाज न चढवता म्हणाल्या, "चिठ्ठी कुणाचीही असू द्या. गाडी तुम्ही चालवताय ना?"
हाव म्हणलं. 
लायसन्स जमा. तीन महिने निलंबित होईल म्हणाल्या, सुनावणी हाय त्याच्या आधी. जास्तीचा माल उतरवल्याबिगर गाडी सोडेनात. हमाल एकच मिळाला, मग मीबी पोती वाहिली. कंबर कामातून गेली. मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला. माझ्याच गाडीत मी क्लीनरच्या सीटवर बसून लातूर.

९ नोव्हेंबर
अप्पा, म्हणजे मालक, कागद तयार करूनच बसलेले.
"दंड मी भरतो माणिक. तू एवढंच लिहून दे, रस्त्यात जास्तीची पोती तूच घेतली. न्हाईतर गाडीचं परमिट अडकतंय. तीन महिने घरी बस, पगार चालू."
अप्पा माणूस वाईट न्हाई. माझ्या बायकोच्या, सुमनच्या ऑपरेशनला दवाखान्यात माझ्या आधी हेच पोचले होते. म्हणून तर तोंडातून 'न्हाई' निघेना. उद्या देतो म्हणलं. कागद खिशात.

१० नोव्हेंबर, मुरुड (लातूर)
घरी. सुमननं कागद दोनदा वाचला.
"ह्याच्यात तुम्ही चोर दिसताय."
पुन्हा भाजी निवडायला लागली.  

१२ नोव्हेंबर
लातूरला गौसभाई भेटले. आम्ही दोघं एकाच साली स्टेरिंगवर बसलो. त्यांनी गाडी सोडून आता पंक्चरचं दुकान टाकलंय. कागद दाखवला. हसले.
"मैं भी दिया था लिखके. फिर हर बार मेरेच से लिखवाए."
ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. चहा पिला. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला नुसता.

१३ नोव्हेंबर, नांदेड
एस.टी.नं आलो. अप्पांच्या कागदावर सही केली न्हाई. वजनमापाच्या हापिसात अर्ज दिला, आडतीचा काटा तपासा म्हणून. आडतीच्या आन् सरकारमान्य काट्याच्या, दोन्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडल्या. कारकून म्हणाला, "तुमचं नाव येईल ह्याच्यावर."
"येऊ द्या."
 बसस्टँडवर लई वेळ बसलो. काटा बरोबर निघाला तर? पोती खरंच चढताना मी कुठं मोजली होती...

१५ नोव्हेंबर
अप्पांचा फोन. अर्जाचं आडतवाल्यानं सांगितलं असणार.
"मला विचारायचं तरी होतं."
 मग म्हणाले, गाडीवर दुसरा माणूस ठेवलाय, तुझं सामान घेऊन जा.
सामान म्हणजे एक चादर, टॉवेल, डबा. गौसभाईंनी आणलं जाऊन. माझ्यानं झालं नसतं.

१९ नोव्हेंबर, धर्माबाद
आज तपासणी. मला हजर राहा म्हणून फोन होता. काट्याशेजारच्या बाकड्यावर बसून लिहून राहिलो. वजनमापाचे साहेब लोक आले, काटा तपासायच्या वजनांची गाडी अजून यायची हाय.
आडतीवर माल भरायला आलेले ओळखीचे ड्रायव्हर. एकानंबी हाक मारली न्हाई. मला आता इथं कुणी माल भरू देणार न्हाई, काटा खोटा निघो का खरा. लायसन्सची सुनावणी सोमवारी.
आत्ता माधवराव बाजूला येऊन बसले. मघाशी साहेबासमोर ताठ होते. 
"माणिकराव, माझी पोरगी यंदा बारावीला हाय."
आजपर्यंत मला कधी राव म्हणले नव्हते.  पाण्याची बाटली दिली. प्याले.
वजनांची गाडी फाटकातून आत येऊन राहिली.