कुमिस एकोणीस, चहा चव्वेचाळीस

प्रिय मेरिम,

तुझं पत्र आणि सोबतचा निवडणूक-मदतीचा आराखडा, दोन्ही मिळाले. खिडकीपाशी बसून तीनदा वाचला. निवडणूक अजून सोळा महिने लांब, आणि कुठल्या तरी परक्या देशातली माणसं आत्तापासून विचार करतायत, की आपल्या कोक-बुलाकच्या शाळेत वीज गेली तर मतं कुठल्या उजेडात मोजायची, कुरणावर गेलेला मेंढपाळ मत द्यायला खाली कसा उतरायचा! पोरी, कवितेशिवाय दुसऱ्या कशानं मी इतका भारावल्याचं आठवत नाही. आणि त्यात सातव्या पानावर माझं नाव. खोऱ्यातल्या सगळ्या केंद्राध्यक्षांना शिकवायला तू मला सुचवलंस, "जिल्ह्यातला सर्वांत भरवशाचा माणूस" असं लिहून. शुक्रवारपर्यंत होकार हवाय तुला. देतो उत्तर, पण आधी थोडं ऐक.

तू बिश्केकमध्ये अडकलीस, म्हणून पाहणीला आलेल्या तुमच्या पथकाची हकीकत सांगतो. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या त्याच आठवड्यात ती मंडळी आली. मला वाटलं, एखादं यंत्र दाखवतील, तळलेले बोरसोक खातील, फोटो काढतील नि जातील. तर ती उंच इंग्रिडबाई दुभाषीला शेजारी घेऊन नुसती विचारतच बसली. मत द्यायला लागणारे घरातले पासपोर्ट कुणाच्या पेटीत असतात? बायका मत द्यायला एकट्या येतात का? बर्फानं रस्ता किती दिवस बंद राहतो? आणि उत्तर ऐकलं की वहीत उतरवायची, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. बुरूल आपा या म्हाताऱ्या मास्तराच्या कानाशी लागली, "आगाय, ही सून शोधतेय की काय? एवढी चौकशी माझ्या सासूनंसुद्धा केली नव्हती!"

मग बाई म्हणाली, कुठली मदत लागेल ते विचारून सगळं कळत नाही, एकदा लुटुपुटूचं मतदान करू. प्रश्न काढला साधाच: गावजेवणात पाहुण्यापुढे आधी काय ठेवायचं, कुमिस की चहा? तिला बिचारीला काय माहीत, की आपल्याकडे असा प्रश्न आला की सगळे आधी म्हाताऱ्याकडे बघतात. बघितलं. मी उभा राहिलो, कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची थोरवी सांगितली, दोन कडवीही म्हटली. सगळ्या माना डोलल्या. काल्यक मेंढपाळ तर सहा पासपोर्ट घेऊन आला नि म्हणाला, "घरात सगळे माझंच ऐकतात. सहा कागद द्या, उगाच गर्दी कशाला?" मागून त्याची बायको म्हणाली, "अरे, मी जिवंत आहे अजून! माझा पासपोर्ट इकडे दे." इंग्रिडबाईनं तेही लिहून घेतलं.

एकेक जण पडद्यामागे गेला. मग पेटी उघडली नि एकेक चिठ्ठी वर धरून सगळ्यांना दाखवली. चहा. चहा. कुमिस. चहा. हळूहळू सगळ्या शाळेत इतकी शांतता पसरली, की वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच बोलतंय आणि आपण ऐकतोय. कुमिस एकोणीस, चहा चव्वेचाळीस. बुरूल आपा खदखदून हसली, "चाळीस वर्षं तुमच्यासमोर ते आंबट पितेय, आगाय! पोटात नुसतं गुरगुरतं." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तुम्ही विचारलंत कधी?"

सगळे हसले. मी हसायचंच विसरलो. तुला आठवतं, वर्गात कविता म्हणताना मी शेवटच्या ओळीपाशी थांबायचो आणि तुम्ही सगळे मिळून ती पुरी करायचात? मला वाटायचं, हे गावही मला तसंच पाठ आहे. मी थांबेन तिथे ते माझीच ओळ म्हणेल. आणि त्या दिवशी माझ्यापुढे त्रेसष्ट माणसं उभी होती, प्रत्येकाच्या आत एक खोली, जिच्या दारापर्यंतही मी कधी गेलो नव्हतो. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं शेजारी नांदत होतं, मेरिम! घरी येताना भेटेल त्याच्या चेहऱ्याकडे मी नव्यानं बघत होतो.

आता अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. मी केंद्राध्यक्ष, तू सचिव. मतदान संपलं, बर्फ वाढत होतं, आणि मी कोरं निकालपत्रक तुझ्यापुढे सरकवलं. "सही कर नि जा बाळ, तुमच्या मेंढ्या व्यायल्यात." तू विचारलंस, "मोजायच्या आधीच, आगाय?" मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही?" तू सही केलीस. त्याच शरदात तू गाव सोडलंस. का, ते मी विचारलं नाही, तूही बोलली नाहीस.

ती पेटी मी उघडलीच नाही. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही दिलंही नव्हतं. गावाचं मन मला ठाऊक आहे, एवढ्याच खात्रीवर मी आकडे लिहिले आणि पेटी होती तशी जिल्ह्याला धाडली. तिच्यात काय होतं, ते आता कुणालाच कधी कळणार नाही. तुझी सही मी तुझ्या विश्वासाच्या जोरावर काढून घेतली, तुझा त्यात काडीचा दोष नाही. हे माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्यापाशी असावं, म्हणून हे पत्र. सातव्या पानावरचं माझं नाव खोडून टाक. आणि एवढं कळूनही ठेवावंसं वाटलं, तर आधी हे पत्र इंग्रिडबाईंना वाचून दाखव. मग मी येईन आणि पहिल्याच दिवशी सगळ्या केंद्राध्यक्षांसमोर हेच सांगेन. तू काय ठरवशील, याचा अंदाज मी बांधत नाही. वाट बघतो.

तुझाच,
इसाबेक आगाय