पंखामागचं पाणी

३ फेब्रुवारी
आले एकदाची वसईत! सांडोरला फेलिशिया आँटींच्या घरात वरची खोली मिळाली. खिडकीबाहेर केळीची बाग, खाली आँटींचा खणखणीत आवाज. नोकरी तर अगदी हवी होती तशी. प्रवासी बोटीला पाण्याखाली पंख बसवतात. वेग घेतला की बोट त्यांच्यावर उचलली जाते. त्या पंखांवरून पाणी कसं वाहील, ते बोट बांधण्याआधीच संगणकावर पाहायचं, हे माझं काम. मालक मर्विन सर बोलायला गोड. आधी हे काम फ्लॉईड नावाचा मुलगा करायचा, तो सोडून गेला म्हणाले.

६ फेब्रुवारी
पाण्याचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे आणि प्रत्येकातला वेग, दाब गणिताने काढायचा. पंखाच्या वरच्या अंगाला दाब इतका कमी होतोय की थंड पाणीच उकळून बुडबुडे धरतंय. ते फुटताना धातू कुरतडतात. हा पंख मुळाशी तुटणार.
आणखी एक. पंखामागे पाणी कशाला तरी वळसा घालून जातंय. तिथे मी काहीच ठेवलेलं नाही.

९ फेब्रुवारी
सगळं पुसून नव्याने मांडलं. वळसा परत आला. आता त्याला माणसाचा आकार होता: डोकं, खांदे, लांबवलेला हात.
मर्विनला दाखवलं. (सर म्हणणं आजपासून बंद.) तो पांढराफटक पडला, मग ओरडला, "चित्र साफ कर! रविवारी गावातल्या लोकांना घेऊन फेरी मारायची आहे." पंखाचं काय, विचारलं. म्हणे, तुझं गणित चुकतंय.
माझं गणित!

१० फेब्रुवारी
पाचूबंदरला नथूकाकांना गाठलं. चाचणीच्या वेळी सोबतची होडी त्यांची असते. फ्लॉईड कुठे गेला, विचारलं.
"सोडून नाय गेला, पोरी," ते म्हणाले. "पंख तुटनार म्हनून भांडत होता. सायेबानं त्यालाच बोटीत बसवला. पंख तुटला, पोर पान्यात गेला. सापडलाच नाय."
आणि मर्विनने पुन्हा तोच पंख घडवलाय. एक रेघ न बदलता.

१२ फेब्रुवारी
तोंडावर खुनी म्हटलं त्याला. त्याने माझा संगणक काढून घेतला. त्याआधी शेवटचं पाहिलं — ती आकृती आता मागे नाही. पंखाला धरून आहे. दोन्ही हातांनी.
आँटींना रविवारच्या फेरीला जाऊ नका म्हटलं. त्या हसल्या. अगं, फादर येणार आहेत आशीर्वाद द्यायला, मर्विन आमच्यातलाच आहे!
कोणीच ऐकत नाही. कोणीच.

१५ फेब्रुवारी, सकाळी
मोबाइलवर लिहितेय. बोटीत चढून ओरडले. फ्लॉईडचं नाव घेऊन ओरडले. मग धक्क्यावरून नथूकाका म्हणाले, "खरं बोलते ती. मी होतो तिथं." आँटी उठल्या, उतरल्या. मागोमाग सगळे.
मी उतरणार तोच मर्विनने दोर सोडला, इंजिन सुरू केलं. म्हणतोय, आता तूच बघ तुटतो का —
नालायक. हलकट.

बोट उचलली गेली. धक्का लांब राहिला. नथूकाका मागे येतायत, पोचणार नाहीत.

खाली पंख दिसतोय. त्याच्या मुळाशी माणसाची बोटं —

मर्विनलाही दिसलं. सुकाणू सोडलं त्याने. किंचाळतोय —

फ्लॉईड, मी मर्विनच्या बाजूची नाही. मी तुझ्यासाठीच भांडले, ऐक, मी —