संध्याकाळी लावायच्या झडपा

प्रिय ताईस, तुझ्या तापट भावाचा वाकून नमस्कार.

परीक्षेचा पेपर अर्धा टाकून मी हॉलमधून उठलो, तिथेच सगळं फिरलं. "आधी डिग्री घे, मग घरी विचारायला ये," मी लग्नाचं विचारलं तेव्हा एवढंच ती म्हणाली होती. मला तो नकारच वाटला, आणि त्याच रागात पेपरही सोडला, घरही.

आईला सांग, जेवण वेळेवर होतं. काम एका वृद्धाश्रमात आहे. उन्हाकडची जाड भिंत आम्ही बाहेरून काळी रंगवली आणि तिच्यापुढे काच लावली. भिंत दिवसभर तापते, रात्रभर खोल्यांना ऊब देते. काचेमागची गरम हवा भिंतीतल्या वरच्या झडपांतून आत येते. ऊन उतरलं की झडपा लावायच्या, नाहीतर आतली ऊब उलटी काचेकडे जाते.

परवा मिस्त्री ओरडले आणि मी झडपा तशाच टाकून तरातरा निघून आलो. सकाळी सगळ्या खोल्या गारठलेल्या. दोन घोंगड्या पांघरून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आज भिंत रुसली का रे बाबा?" मला मान वर करता येईना.

ताई, बाबा माझा विषय काढतात का? तिचं कुठे जमलं तर नाही ना? मी परीक्षा दिली तर अजून चालेल का, एवढं तिला विचार. ती नाही म्हणाली तरी माझा फॉर्म भर.

उद्यावर ठेवलं तर हे पत्र मीच फाडीन, म्हणून आत्ताच पेटीत टाकायला निघतोय. दार आपटत नाही, नुसतं लावून घेतो.

तुझाच,
धाकटा