पट्टेवाल्याचा मालक

वेशीची चौकी,
माघ वद्य चतुर्थी, १९६१

तीर्थस्वरूप सौ. सिंधुआक्काच्या पायांशी धाकट्या मगनचा नमस्कार. (आज चतुर्थी आहे, तेव्हा नमस्कार दोन हातांनीच केला आहे, काळजी नसावी.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीलालदाजींचा खोकला? आणि शेळ्या? दाजींना माझ्याबद्दल काही माहीत नाही आणि त्यांच्या शेळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून शेळ्यांची चौकशी मनापासून करतो. दिवाळीत मी आलो होतो, अगदी माणसासारखा, टोपीबिपी घालून, तर त्या सगळ्या गोठ्याच्या छपरावर चढून बसल्या आणि दाजी म्हणाले, "औंदा गवतमाच काहीतरी खोट शे." भला माणूस! तुझ्या सासूबाईंना, वत्सलाबाईंना, नमस्कार सांग. दगूला मामाचे आशीर्वाद. तिचं कुठे जमतंय असं उडत उडत ऐकलं, फार बरं वाटलं.

इकडे सगळं क्षेम आहे. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. फक्त मागच्या पुनवेला मी कोंडवाड्यात होतो.

घाबरू नकोस, क्रमाने सांगतो. तिथल्या भिंतीला टेकून बसलो होतो तेव्हा (म्हणजे मागच्या पायांवर) मला आपल्या ब्राह्मणपुरीच्या घरातली कापसाची खोली आठवली. तोरणमाळच्या यात्रेत मला लांडगा चावला तेव्हा मी केवढा होतो ग? तू मला पाठुंगळीला मारून तो सगळा घाट उतरलीस आणि पाय दुखतात असं एकदाही म्हणाली नाहीस. वर मलाच दटावलंस, लांडग्याच्या तोंडात पाय कशाला घातलास म्हणून. (मी घातला नव्हता, आक्का. त्यानेच घेतला होता. इतक्या वर्षांनी तरी मान्य कर.) मग पुनव आली. दिवेलागणीला चंद्र वर आला आणि मी भाकरी खाता खाता लांडगा झालो. आई किंचाळली, बा काठी शोधायला धावला, आणि तू माझ्यापुढची भाकरी उचलून म्हणालीस, "आधी नीट बस, मग खा." तेव्हापासून पुनवेचा चंद्र उगवला की मी लांडगा आणि उजाडलं की पुन्हा मगन, हे आपल्या घरात एकादशीच्या उपासासारखं ठरूनच गेलं. तू मला कापसाच्या खोलीत न्यायचीस, आतून कडी लावायचीस आणि स्वतःही तिथेच बसायचीस. सकाळी माझ्या अंगाला इतका कापूस चिकटलेला असायचा की बा म्हणायचा, कोंडला लांडगा आणि निघाली मेंढी! काय हसायचो आपण! तू लग्न होऊन खापरला गेलीस आणि माझ्याबरोबर कोंडून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी शहरात आलो. तसं हसू मला पुन्हा आलं नाही. समोर असतो तर हे बोललो नसतो, कागदावर लिहून टाकतो.

शहराने मात्र मला चांगलं वागवलं, खोटं कशाला बोलू. नगरपालिकेच्या जुन्या साहेबांनी वेशीवर पहारेकरी म्हणून ठेवताना एवढंच विचारलं होतं, रात्री जागतोस का? मी म्हटलं, साहेब, महिन्यातून एक रात्र तर डोळ्याला डोळा लागतच नाही. पुढच्या पुनवेला त्यांना काय ते कळलं. त्यांनी चष्मा पुसला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं (मी टेबलाखाली होतो) आणि म्हणाले, चला, नगरपालिकेचा एक कंदील वाचला. असे साहेब आता होत नाहीत. ते दिवसच निराळे होते. चोर पंचांग बघून चोऱ्या करायला लागले आणि अमावस्येला कोणाचं दुकान फुटलं की शेटजी मलाच बोल लावायचे, की पुनवेला एवढा तडफदार आणि एरवी नुसता मगन! वेशीजवळच्या बायका पुनवेला माझ्यासाठी ओट्यावर भाकरी ठेवायच्या आणि होळीच्या पुनवेला मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी. (लांडगे पुरणपोळी खात नाहीत असं शाळेच्या पुस्तकात असेल. लिहिणाऱ्याने खानदेशी पोळी खाल्ली नसेल.) म्हातारी माणसं वाटेत भेटली की "रामराम हवालदार" म्हणायची. मी शेपूट हलवायचो. सलामही ठोकला असता, पण त्या रूपात एक पाय उचलला की लोक भलताच अर्थ काढून बाजूला सरकतात.

मग जुने साहेब गेले आणि पुण्याकडचे नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सगळं जागच्या जागी लागतं. गावात मोकाट कुत्री फार झाली होती, हेही खरं. त्यांनी हुकूम काढला की, पट्टा नसलेला जो आढळेल त्यास धरून कोंडवाड्यात घालावे. घाईत कुत्रा हा शब्द राहून गेला. आता तूच सांग, आमच्या कचेरीत पट्टा कोणाला असतो? आम्हाला! खांद्यावरून आडवा, मधोमध पितळी बिल्ला. म्हणून तर आम्हाला पट्टेवाले म्हणतात. आमचा जमादार धुडकू हुकमाचा एवढा पक्का की त्याने त्याच दुपारी, जेवताना पट्टा काढून ठेवलेल्या नवलसिंग पहारेकऱ्याला भाकरीसकट उचलला आणि कोंडवाड्यात घातला. नवलसिंग दोन रेड्यांमध्ये मांडी घालून उरलेलं जेवण संपवत होता. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि खुलासा केला, अहो माणसं नव्हेत, जनावरं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही.

कारण चंद्र उगवायच्या आधी मी अंगावरचा सरकारी पोशाख आणि पट्टा काढून चौकीतल्या खुंटीला टांगतो. नाही तर काय करू? लांडग्याच्या अंगावर तो पट्टा राहत नाही, चार पावलांवर गळून पडतो. पूर्वी एकदा गळ्यात घट्ट बांधून बघितला होता, तर उजाडताना मान माणसाची झाली आणि पट्टा लांडग्याच्याच मापाचा राहिला. नवलसिंगने कात्री आणली म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. तर माघी पुनवेला मी असा उघड्या गळ्याने वेशीवर उभा, आणि समोरून धुडकू आणि नवलसिंग दोर घेऊन आले. धुडकूचे डोळे भरले होते. "मगनभाऊ, राग नको मानू, साहेबना हुकूम शे," म्हणाला. बिचाऱ्याने तीनदा गाठ मारली आणि तीनदा सोडली. शेवटी दोराचं टोक मीच तोंडात धरलं आणि पुढे चालू लागलो. आत गेल्यावर म्हशींनी मला बघितलं आणि सगळ्या एका कोपऱ्यात सरकल्या. मी त्यांना तोंडाने काही सांगू शकत नव्हतो, पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं, आक्का, देवाशपथ.

सकाळी म्हशींनी दूध दिलं नाही. मालक ओरडत आले, ओरडा ऐकून साहेब आले, आणि कोंडवाड्यात बघतात तो त्यांचा पहारेकरी मगन, अंगावर एक वैरणीची पेंढी, बाकी काही नाही. धुडकूने रडत रडत त्यांना काय ते सांगितलं. कोंडवाड्याचा नियम असा की, मालकाने येऊन जनावर आपलं आहे म्हणावं आणि न्यावं. साहेबांनी विचारलं, रात्री इथे घातलेल्या जनावराचा मालक कोण? मी हात वर केला (पेंढी सांभाळून) आणि म्हटलं, मीच. साहेब शांतपणे म्हणाले, जनावर स्वतःचा मालक होऊ शकत नाही. दुपारी वेशीजवळची माणसं कचेरीत गेली, मगन आमच्या सगळ्यांचा आहे म्हणाली. साहेब म्हणाले, सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही. रक्ताच्या नात्याचं एक माणूस आणा, ते माझ्यासमोर हा आमचा म्हणू द्या, मी त्याच दिवशी याच्या मापाचा पट्टा करवून देतो आणि नोकरीही तशीच राहील. नाही आलं कोणी होळीपर्यंत, तर ते बेवारस जनावर. बेवारस जनावर हद्दीबाहेर, वर सातपुड्यात सोडायचं.

तर असा सगळा हसण्यासारखा प्रकार झाला. धुडकू अजून माझ्याकडे बघून डोळे पुसतो. तू अजिबात काळजी करू नकोस. होळीला अवकाश आहे, निघेल काहीतरी मार्ग. आपलं दूरचं कोणी तोरणमाळकडे असेल, डोंगरात नाती पुष्कळ निघतात. घरात सर्वांना यथायोग्य सांगणे, आणि गुडघ्यांना एरंडाचं तेल लावत जा.

तुझा,
मगन

ता. क. आंब्याचं लोणचं उरलं असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव. यासाठीच पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. लोणच्यासाठी लिहिलं नाही. आक्का, आई नाही, बा नाही, रक्ताचं माणूस तू एकटी. पण तू इथे येऊन उभी राहिलीस तर गोष्ट कचेरीतच राहणार नाही, खापरच्या बाजारात पोचेल. वत्सलाबाईंना कळेल की दर राखीला मी रात्रपाळीवर का असतो. दाजींना शेळ्यांचं कळेल. आणि दगूचं आत्ता कुठे जमतंय. लांडग्याच्या भाचीला कोण सून करून घेईल? म्हणून तू येऊ नकोस. मी हे अगदी विचार करून लिहितो आहे. सातपुड्यात काय, हवा चांगली असते.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. ये, आक्का. मला भीती वाटते. लांडगा व्हायची नाही, ती सवय झाली. उजाडल्यावर मी तिथे डोंगरात माणूस होईन आणि आजूबाजूला मला मगन म्हणणारं कोणी नसेल, त्याची वाटते. फार बोलावं लागणार नाही. साहेबांना आपली बोली कळत नाही, तेव्हा कोणासमोर काही उघड न करता काम भागवायचं असेल तर माझ्याकडे बोट दाखव आणि "हाई मन्हं शे" म्हण, जनावराबद्दल म्हणतात तसं. दाजींना सांगता येईल, हरवलेलं कुत्रं सोडवायला गेले होते. साहेबांना तेवढं पुरेल. "हाऊ मन्हा शे" म्हणालीस, माणसाबद्दल म्हणतात तसं, तरी त्यांना दोन्ही सारखंच ऐकू येईल.

मला सारखं ऐकू येणार नाही.