दोन पिशव्या माती

चंद्रपूर, २ जून २०२४

चि. प्रफुल यास,

सप्रेम जय भीम. सोबत आमच्या प्रयोगशाळेतला माती तपासणीचा अहवाल पाठवते आहे, मनकर्णाआत्याला वाचून दाखव. तिच्या दोन्ही वावरांची माती सारखीच निघाली: हलकी, पाणी न धरणारी, कुटकीसारख्या भरडधान्याला अगदी योग्य. मग गुडघे दुखवत वरच्या मुरमाड बरडीपर्यंत कशाला जायचं? घरामागच्या वावरातच पेर म्हणावं. फोनवर ती हुज्जत घालत होती, की कुटकी बरडीवरच होते, खाली पाणी साचते. मी हसून तिला गप्प केलं.

भर उन्हात आठ-आठ जागी खणून पिशव्या भरल्यास. इतका कामसू कधीपासून झालास? ताईवर माया राहू दे.

तुझी,
संघप्रिया

गोंडपिपरी, २१ जुलै २०२४

ती. ताईस,

सविनय जय भीम, वि. वि. फोनवर सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहितो आहे. कुटकी गेली. घरामागे चार दिवस पाणी साचलं, रोपं पिवळी पडून सडली. आजीच्या वेळेपासून दरसाल राखेत जपलेलं बी आत्याने सगळंच पेरलं होतं. गावात आता ते कुणाकडेच नाही.

ताई, चूक माझी आहे. मे महिन्यात घरामागची काळी कन्हार माती दगडासारखी झाली होती, कुदळ घुसेना. मी दोन्ही पिशव्या बरडीतूनच भरल्या आणि एकीवर घरामागच्या वावराची चिठ्ठी लावली. एवढा काय फरक पडणार, असं वाटलं.

आत्या तुला बोल लावत नाही. बांधावर बसून म्हणत होती, की पोरीचा कागद खोटा कसा असन, माझंच बी म्हातारं झालं असन, मलेच राखता नाई आलं. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. हवं तेवढं रागाव, पण अबोला धरू नको.

तुझा,
प्रफुल

चंद्रपूर, २५ जुलै २०२४

चि. प्रफुल यास,

सप्रेम जय भीम. कोणत्या तोंडाने रागावू? त्या पिशव्या मी माझ्या हाताने उघडल्या होत्या. दोन्हींत तांबूस, मुरमाड माती. घरामागच्या काळ्या चिखलाचे आपण लहानपणी बैल करायचो. तो रंग मला ठाऊक नव्हता? क्षणभर खटकलंही. पण अहवाल लवकर पाठवायचे होते, मी पुढची पिशवी उघडली. आणि जिला खरं ठाऊक होतं, तिलाच हसले. फार लाज वाटते आहे.

रविवारी पहिल्या बसने येते. कसं झालं ते दोघं मिळून तिच्यासमोर बसून सांगू. पण एका गोष्टीसाठी माझी वाट पाहू नको. पत्र मिळताच उठ, आत्याकडे जा आणि एवढं आजच सांग, की तिचं बी म्हातारं झालं नव्हतं.

तुझी,
ताई